अर्धी मात्रा

दौलतगंजात पीठगिरणीच्या वर
एक खोली आहे, भाड्याची.
दर गुरुवारी संध्याकाळी सहाला
वर नऊ माणसं गातात
आणि खाली गहू दळला जातो.

गिरणीचा सूर काळी दोनच्या जरासा खाली.
वासंतीबाई मोघे म्हणतात,
तंबोरा कशाला, कुशवाहाचा पट्टा आहे की.
खरंच, षड्ज जमिनीतूनच येतो,
तळव्यांतून पोटरीत,
तिथून गुडघ्यात, जिथे माझा संधिवात राहतो.

मी गायला जात नसे.
दळण टाकून वाट बघायला जायचो.
वर सतरंजी होती, खाली नव्हती, एवढंच.
शाळेत संमेलनाच्या आदल्या दिवशी
नेवाळकर मास्तरांनी मला मागच्या रांगेत ढकललं होतं:
तू नुसते ओठ हलव.
हलवले.
पुढे बावन्न वर्षं हलवत आलो,
राष्ट्रगीताला, आरतीला, मुलीच्या मंगलाष्टकांना,
वीज मंडळात, स्वतःच्याच निरोप समारंभात.
कुणाला कळलं नाही.
ओठ हलताना दिसले की
लोक आवाज गृहीत धरतात.

त्या नवांत एक शितोळे होते.
कंपूकडून सायकलवर यायचे,
मफलरला धुक्याचा वास,
खिशात कागदात बांधलेली गजक,
आणि समेवर अर्धी मात्रा उशिरा.
नेहमी.
सगळे पोचून बसलेले, आणि मग शितोळे,
दाराशी घाईने चपला काढत आल्यासारखे.
वासंतीबाईंनी टाळ्या देऊन पाहिलं, बोटं मोजून,
एकदा तर त्यांच्याच गुडघ्यावर चापट मारून.
ते म्हणायचे, येऊन राहिलोय ना बाई,
येऊन राहिलोय.

जानेवारीत ते गेले.
त्या गुरुवारी कुणी काही बोललं नाही.
रझियाने सतरंजी झटकली,
भदौरिया मॅडमनी पिशवीतून टाळ काढले.
ध्रुवपद आलं, सम आली,
आणि आठ जण थांबले.
कुणी ठरवलं नव्हतं.
अर्धी मात्रा,
दाराकडे एकदा बघून घ्यावं तितकी.
मग पुढची ओळ.

ती फट फेब्रुवारीभर तशीच राहिली.
वासंतीबाईंनी दुरुस्त केली नाही.
याच बाई, निषाद केसभर चढला
तर पेटीचा भाता दाबून बंद करणाऱ्या.
मी भिंतीला टेकून, ओठ हलवत,
दर वेळी तिथे सायकलची घंटी ऐकायचो.

मग एका गुरुवारी वीज गेली.
माझ्याच मंडळाची कृपा.
पट्टा थांबला. जमीन मुकी झाली.
आठ आवाज अंधारात चाचपडू लागले,
अनोळखी जिन्यात पुढच्याचा खांदा धरावा तसे.
रझिया मॅडमच्या सुरावर टेकली,
मॅडम वासंतीबाईंच्या,
आणि वासंतीबाई, हे मी पहिल्यांदाच ऐकलं,
कुणाला तरी शोधत होत्या.

अंधारात ओठ हलवून उपयोग नसतो.

सम आली. ते थांबले.
माझ्या छातीतून काहीतरी निघालं,
जाडंभरडं, चाळणीत मागे उरतं तसं,
सुरात होतं म्हणणार नाही,
उशिरा,
आणि बरोबर त्या जागी जाऊन पडलं.

कुणी हसलं नाही.
कुणी मान वळवली असेल तर दिसली नाही.
पुढच्या ओळीत रझियाचा आवाज
जरा हलला, मग बसला,
आणि गुडघ्यात पुन्हा षड्ज आला,
गिरणी बंद असताना.

वीज आली. आणखी दोन भजनं झाली.
खाली उतरलो तेव्हा पीठ कोमट होतं.
कुशवाहा डबा पुढे सारत म्हणाला,
आज बड़ी देर कर दी, बाबूजी.
म्हटलं, हो.
पुढच्या गुरुवारी बाजरी आणतो.